उतरवून घेतलेली वर्दी

न्हाई न्हाई गुरुजी, तिला हात लावू नका — ती धुतलेली न्हाई. बाकीच्या धुतलेल्या हायत, इस्त्रीच्या हायत, खुशाल उलट्या-पालट्या करून बगा, शिवण बगा, खांद्याच्या पट्ट्या बगा, पण ती तेवढी राहू द्या जिथल्या तिथं. डाग न्हाईत ते. घामाचं मीठ हाय. पाठीवर पांढरं नकाशासारखं उमटलंय ना, ते मीठ. दहा वर्षांचं हाय. धुतली असती तर गेलं असतं, पण मी धुतली न्हाई, आन् कामून धुतली न्हाई ते तुमच्या वहीत लिहायसारखं न्हाई. बसा. बाजेवर बसा, ती खुर्ची मोडकी हाय. चहा घेत न्हाई म्हणलात, मग पाणी तरी घ्या — गढूळ दिसतंय पण गाळलेलं हाय, तीन दिवसाआड नळ येतो, त्यात अर्धा तास नुसती हवाच येती. लातूर नवा जिल्हा झाला, ऑगस्टात वरीस होईल, आता उस्मानाबादची खेप टळली म्हणून सगळे खूश हायत, मी बी खूश हाय, पण नळाला अजून कुणी सांगितलेलं दिसत न्हाई जिल्हा झाल्याचं.

तर तुम्ही प्रदर्शन भरवून राहिलात. जिल्ह्याच्या वाढदिवसाचं. नव्या जिल्ह्यातल्या माणसांनी देशासाठी काय काय केलं ते मांडणार — चांगलं हाय. आन् तुम्हाला कुणीतरी ते पेपरातलं कात्रण दिलं. आणलंय का? दाखवा. हे बगा, हेच ते! ‘लढाईच्या काळातील महिला स्वयंसेविकांच्या वर्द्या जमवण्याचा आगळा छंद — उदगीरच्या महादेवीबाईंचा अनमोल संग्रह.’ छंद! मी त्या पेपरवाल्याला दोन तास सांगितलं, बाबा, मी जमवून न्हाई राहिले, मी वापस देऊन राहिले — ज्याची त्याला. तो म्हणला, हाव हाव, कळलं. आन् घरी जाऊन हे लिहिलं. तवापासून डोक्याला ताप झालाय. कुणी आजोबाचा पट्टा घेऊन येतंय, कुणी म्हणतंय आमच्याकडं निजामाच्या शिपायाची टोपी हाय, घेता का. परवा एकजण बँडवाल्याचा लाल कोट घेऊन आला. शिवप्पा — माझे मालक, ते काय मशिनीवर बसलेत — ते नुसते हसतात. हसू द्या. त्यांना हसायचा हक्क हाय, ह्यातली निम्मी शिवण त्यांची हाय.

पहिल्यापासून सांगू का? सांगते. तुम्ही मास्तर माणूस, मधी तोडणार न्हाई.

एकाहत्तरची लढाई लागायच्या बेतात होती ना, तवा इथं उदगिरात एक मदत समिती निघाली. सरकारी न्हाई, गावातल्याच बड्या लोकांची. सेक्रेटरी मन्मथअप्पा — सरकीचे व्यापारी, आता वारले, त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं न्हाई मला. त्यांच्या मनात आलं, बायांचं एक पथक काढावं. महिला मदत पथक. बावीस बाया. आन् प्रमुख कोण? मी. कामून, तर मी सातवी पास, आन् वर्द्या आमच्याच दुकानात शिवायच्या होत्या. हे कापड बगा, धरून बगा — ती सोडून कुठलीबी धरा — खाकी पाचवारी, जाडजूड, ओली झाली की दोन बायांनी पिळावी लागायची. खाकी झंपर, खांद्याला पट्टी, निळी टोपी, छातीला पितळी बिल्ला, पायात कॅनव्हासचे बूट. बाया सगळ्या नऊवारीच्या! पाचवारी कशी नेसायची हे शिकवण्यातच चार दिवस गेले. आन् बूट — गुरुजी, ज्यांच्या पायाला जन्मात चप्पल ठाऊक न्हाई त्या बाया बुटात अशा चालायच्या, जसं काय खाली निखारे पसरलेत. रत्नम्मा बूट हातात धरून यायची आन् ठेसनावर आल्यावर घालायची. लई हसायचो आम्ही. हसायचे दिवस होते ते. लढाईचे दिवस, पण आमचे हसायचेच.

काम काय? जखमेला पट्टी बांधायला शिकवलं डॉक्टरनं. कांबळी गोळा केली, स्वेटर विणले. आन् खरं काम म्हणजे ठेसन. फौजेची गाडी यायची असली की सांगावा यायचा, आम्ही भाकरी-चटणीच्या पुड्या आन् पाण्याच्या कळशा घेऊन फलाटावर. आन् तिथंच पहिल्या दिशी कटकट झाली. सरजाबाई म्हणून एक होती पथकात, सरजाबाई लिंबाजी कांबळे, गावाच्या खालच्या अंगाला राहणारी, बौद्धांपैकी. तिनं पाण्याची कळशी उचलली आन् आमच्यातल्या दोघी मागं सरल्या. म्हणल्या, हिनं पाणी वाटलं तर आम्ही भाकरीला हात लावणार न्हाई. मी काय केलं सांगू? मी सरजाबाईला सगळ्यात म्होरं उभी केली. म्हणलं, वर्दी घातली की सगळ्या सारख्या, पटत न्हाई तिनं टोपी काढून घरी जावं. कुणी गेलं न्हाई. माझी छाती अशी भरून आली होती त्या दिशी! आजबी कुणाला सांगायचं म्हणलं की मी आधी हेच सांगते. पेपरवाल्याला बी हेच सांगितलं. तुम्हालाबी सांगितलंच बगा.

सरजाबाई होती बी तशी. उंच, काळी, हाडापेरानं मजबूत. गाडी दहा मिनटं थांबायची, तेवढ्यात ती तीन डब्यांना पाणी पाजायची. एकदा एका शिपायानं पाण्याची बाटली भरायला दिली आन् गाडी सुटली. बाटली हिच्या हातात. ही पळाली — बुटात, पाचवारीत, आयुष्यात पहिल्यांदा — फलाट संपला, खडीवर पडली, गुडघ्यावर वर्दी फाटली, पुन्ना उठली, पुन्ना पळाली आन् दिली बाटली त्याच्या हातात. सगळी गाडी ओरडून राहिली होती, शाबास म्हणून. ते गुडघ्यावरचं रफू दिसतंय का? त्या न धुतलेल्या वर्दीवर? ते माझ्या हातचं हाय. हाव. तिचीच ती.

लढाई संपली चौदा दिवसांत. सभा झाली, हार झाले, फोटो झाला. वर्द्या ज्याच्या त्याच्याकडं राहिल्या. मन्मथअप्पा म्हणले, असू द्या, पुन्ना कधी लागलं तर. आन् म्होरच्या वर्षी काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही बी मराठवाड्यातलेच. बहात्तर. तवा तुम्ही किती वर्षांचे होता? मग आठवत असेल सुकडी, दुष्काळी कामावर वाटायचे ती. आम्ही बी खाल्ली, शिंप्याला दुष्काळात कोण काम देतो. पण आम्ही दुकानातले, सावलीतले. खालच्या अंगाची सगळी माणसं खडी फोडायला, देवर्जनच्या रस्त्यावर. सरजाबाई, तिचा नवरा, सासू — सगळे.

आन् सरजाबाई वर्दी घालून खडी फोडायला जायची.

थट्टा म्हणून न्हाई हो! दुसरं अंगावर घालायसारखं राहिलं नव्हतं तिच्याकडं. दोन लुगडी होती, एक सासूला दिलं, एकाच्या दांडावर दांड घालून चिंध्या झाल्या. खडीच्या कामाला कापड टिकतं का? आन् ही खाकी, सांगितलं ना, चामड्यासारखी. ही टिकली. बिल्ला मात्र काढून ठिवलेला तिनं घरी, मडक्यात, तेवढी इज्जत राखलेली. पण गावात बोलणं सुरू झालं. देशाची वर्दी घालून दगड फोडती. मजूर कोण आन् पथक कोण कळत न्हाई. आमच्या बायाच बोलायच्या. ज्या दोघी ठेसनावर मागं सरल्या होत्या त्या तर रोज दुकानात यायच्या, महादेवी, तू प्रमुख हायस, तुझं नाव खराब होतंय. रोज. रोज, गुरुजी.

मग मन्मथअप्पांचा निरोप आला. समिती बंद करायची हाय, सगळ्या वर्द्या वापस गोळा करा, आठ दिवसांत. मी यादी केली. घरोघर फिरले. जगदेवीनं धुऊन, निळीत घालून दिली — खाकीला नीळ! — कमलम्मानं पेटीतून काढून दिली, लवंगा घालून ठिवली होती. आन् त्या दोघी, त्यांची नावं घेत न्हाई, त्या अजून हायत गावात, त्यांच्या घरी गेले तर एकीनं वर्दीची गोधडी केलेली, दुसरीनं उशीचे अभ्रे. म्हणल्या, कापड चांगलं होतं, वाया कामून घालवायचं. मी काय केलं? चहा पिऊन आले. यादीत ‘जीर्ण’ म्हणून लिहिलं दोघींच्या नावाम्होरं. जीर्ण! सहा वेळा बी नेसल्या नव्हत्या.

तुम्ही चष्मा पुसून राहिलात. धूळ लई हाय ना. हं.

राहिली सरजाबाई. घरी गेले तर कुलूप न्हाई, कडी न्हाई, नुसतं तुराट्यांच्या ताट्टीचं दार, आन् आत कुणी न्हाई. कामावर गेलेले. आता मला सांगा, मी काय करायला पायजे होतं? थांबायला पायजे होतं. संध्याकाळी यायला पायजे होतं. एक जुनं लुगडं घेऊन यायला पायजे होतं — माझ्याकडं होती चार, शिंप्याच्या घरी कापडाला काय तोटा. मी काय केलं? मी घरी गेले, माझी स्वतःची वर्दी नेसले — टोपी, बिल्ला, बूट, सगळं — म्हणलं, सरकारी कामासारखं काम हाय, रीतसर झालं पायजे. आन् अशी चालत देवर्जनच्या रस्त्यावर गेले. चैताचं ऊन. तीन मैल. वाटेत लोक उठून रामराम करत होते वर्दीला. मला बरं वाटत होतं, गुरुजी. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटत होतं.

दीडशे माणूस होतं कामावर. हातोड्यांचा आवाज. मला बगितलं तसा थांबला. सरजाबाईला वाटलं पथकाचं काही काम निघालं — ती हसत उठली, हातोडी खाली टाकून, पदर नीट केला, म्हणली, “पर्मुखबाई, लढाई लागली का काय पुन्ना?” मी म्हणलं, “लढाई न्हाई. वर्दी जमा करायचा हुकूम हाय. दे.” ती म्हणली, “देते की. सांजच्याला घरी आणून देते.” मी म्हणलं, “न्हाई, आत्ता.”

“आत्ता?”

“आत्ता. हुकूम हाय.”

हुकूम कुणाचा, तर मन्मथअप्पांचा. आठ दिवसांतले पाच अजून शिल्लक होते. पण माझ्या पाठीमागं दीडशे माणूस बगून राहिलं होतं, आन् गावात त्या दोघी बगून राहिल्या होत्या, आन् मला वाटलं आता मागं सरले तर माझी काय राहिली. तिनं नवऱ्याकडं बगितलं. लिंबाजीनं मान खाली घातली, तो माणूस कधी कुणाला उलटून बोललेला न्हाई. कामावरच्या बायाच उठल्या मग. आठ-दहा जणी. आपापले पदर धरून गोल केला तिच्याभवती. आन् त्या गोलात तिनं वर्दी उतरवली. पार्वतीबाई म्हणून म्हातारी होती एक, तिनं मिलोचं, त्या रेशनच्या लाल जवारीचं, पोतं दिलं अंगाभवती घ्यायला. परकर बी खरा तर वर्दीतलाच होता, पण तो राहू दिला मी. तेवढी माझी मेहेरबानी.

गोल सुटला तशी ती म्होरं आली. पोतं गुंडाळलेलं. आन् हातावर वर्दी — घडी केलेली. जशी मी शिकवली होती ना पहिल्या चार दिवसांत, आठपदरी, काठ आतल्या अंगाला, झंपर वर, खांद्याच्या पट्ट्या जुळवून — तशीच. एक घडी चुकली नव्हती. म्हणली, “बिल्ला आन् टोपी घरी मडक्यात हायत, सांजच्याला पाठवते.” एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी वर्दी घेतली. ओली होती. घामानं. आन् गरम होती गुरुजी, जित्या अंगाची गरम. ती तशी हातावर घेऊन तीन मैल वापस आले. वाटेत वाळली. ते मीठ तवाचं.

मुकादमानं तिला पोत्यावर कामाला बसू दिलं न्हाई, घरी धाडलं. ते मला नंतर कळलं. शिवप्पा दुकानात होते. मी टेबलावर वर्दी ठिवली. त्यांनी हात लावला, आन् त्यांना कळलं. म्हणले, “ही अंगावरून काढून आणलीस?” मी म्हणलं, हुकूम होता. ते मशिनीवर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी म्हणले, एक लुगडं दे नेऊन तिला. मी म्हणलं, देते. गेले चौथ्या दिवशी. ताट्टीचं दार नव्हतं, ताट्टीच नव्हती. काढून नेलेली. शेजारचे म्हणले, गेले ते सगळे, लोह्याकडं तिचा भाऊ हाय, तिकडं. उंबऱ्यावर एक मडकं उपडं घातलेलं, त्याच्याखाली बिल्ला आन् टोपी. ‘सांजच्याला पाठवते’ म्हणली होती ना. कुणासंग पाठवणार? ठिवून गेली.

आन् आता ऐका. वर्द्यांचं काय झालं? काहीच न्हाई! सभा होणार होती, वर्द्या समारंभानं कुठंतरी सुपूर्द करायच्या होत्या — ती सभाच झाली न्हाई. कुणी मागितल्याच नव्हत्या. मन्मथअप्पा म्हणले, राहू द्या माझ्या गोदामात. दोन पोत्यांत भरून सरकीच्या गोदामात टाकल्या. दहा वर्षं! जिल्हा झाला, जागांना भाव आला, अप्पांच्या पोरांनी गोदाम मोकळं केलं, तवा ती पोती रस्त्यावर आली. उंदरांनी बिळं केलेली. मशिनी पुसायला चिंध्या म्हणून एक गॅरेजवाला घेऊन चालला होता. मी आडवी झाले. रस्त्यात आडवी झाले म्हणा ना. घरी आणल्या, उन्हात टाकल्या, लिंबाचा पाला घातला, एक एक उसवून, जोडून पुन्ना नीट केली. दोन महिने. डोळे गेले माझे. त्याला ते म्हणतात छंद.

मग वाटायला निघाले. यादी होतीच. शिरूर अनंतपाळला जगदेवी सुनेकडं राहती, तिनं वर्दी बगितली आन् रडली, सुनेला नेसून दाखवली. हदगावला रत्नम्माच्या पोरीकडं गेले, रत्नम्मा गेली दोन वर्षांखाली, पोरीनं देव्हाऱ्याशेजारी ठिवली. एकीच्या नवऱ्यानं दारातूनच वापस लावलं, म्हणला, असले जुने कपडे आमच्यात घेत न्हाईत. चालायचंच. बस, धूळ, फाटके रस्ते — अकरा दिल्या. ह्या पेटीत आठ हायत, त्यात चौघी वारल्या, मागं कुणी न्हाई, दोघींचा पता लागत न्हाई, एक त्या दारातून वापस लावलेलीची. आन् आठवी सरजाबाईची.

तिचा पता? लागला की. लोह्याला तीन खेपा घातल्या, अहमदपूरला गाडी बदलून. तिसऱ्या खेपेला भेटली, संक्रांतीच्या आसपास. भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या खळ्यावर, पंचवीस-तीस बाया बसलेल्या ओळीनं. केस पांढरे झालेत, पण हात तसेच. लिंबाजी गेला. पोरगी नांदेडात नर्स हाय — पट्टी बांधायला तिनंच शिकवली म्हणे पोरीला लहानपणी, आम्हाला डॉक्टरनं शिकवली होती तशी. मला वळखलं तिनं लगेच. उठून उभी राहिली. “पर्मुखबाई.” मी पिशवीतून वर्दी काढली, म्हणलं, सरजा, ही तुझी, मी चुकले. दोनच शब्द पाठ करून गेले होते, मी चुकले. तिनं रफूवरून बोट फिरवलं. हसली जराशी. म्हणली, “त्याची बाटली दिली बगा मी, न्हाई तर बिचारा तहानेला गेला असता.” शेंगा फोडत होत्या बाकीच्या, तो आवाज नुसता. मग म्हणली, “कापडाचं न्हाई वाटलं मला, पर्मुखबाई. हुकूम होता, तुम्ही तरी काय करणार. सगळ्यांचीच घेतली. फक्त तुम्ही आलात तवा तुमच्या अंगावर होती ना, ते डोळ्याम्होरनं जात न्हाई. मग तुमची कुणी घेतली? तुम्हाला बी अशीच कुठं रस्त्यात उतरवायला लावली का?”

असं विचारलं. टोमणा नव्हता हो! खरंच वाईट वाटून विचारलं तिनं. दहा वर्षं तिच्या मनात हे होतं, की ह्या बाईवर बी तसाच प्रसंग आला असेल.

आन् मी म्हणलं, “हाव. मी बी दिली.”

काय बगून राहिलात गुरुजी? ही? मघाशी विचारलंत ना, ही नववी कुणाची, एवढी कोरी, टोपी-बिल्ला-बुटासकट? आन् मी म्हणलं, नमुन्याची हाय, मापाला शिवलेली. नमुन्याची न्हाई. माझी हाय. मी दिलीच न्हाई कधी. त्या दिशी देवर्जनहून आले, यादी पुरी केली, माझ्या नावाम्होरं ‘जमा’ लिहिलं, आन् वर्दी पेटीत घातली. प्रमुखाची होती. मला वाटलं, प्रमुखाला एक राहायला पायजे. कुणी विचारणार बी नव्हतं. विचारलं बी न्हाई कुणी, दहा वर्षांत, एका सरजाबाईशिवाय. आन् तिला मी तोंडावर खोटं सांगितलं.

तिनं वर्दी घेतली न्हाई. म्हणली, “तुमच्याकडंच असू द्या, तुमच्याकडं नीट राहील. माझ्याकडं कुठं पेटी हाय.” वापस माझ्या हातावर ठिवली. घडी घालून.

गेल्या आठवड्यात पुन्ना गेले होते. माझी वर्दी पिशवीत घालून. सांगून टाकायचं म्हणून. खळ्याच्या फाटकापर्यंत गेले. दिसत होती ती, पाठमोरी. अर्धा तास उभी राहिले, मग गाडीची वेळ झाली म्हणून आले. गाडीची वेळ झाली नव्हती. हे मी शिवप्पाला बी सांगितलेलं न्हाई — मशीन थांबवलीत का हो तुम्ही? चालवा. चालवा, काही न्हाई.

तर तुमचं म्हणणं, ही कोरी वर्दी काचेच्या पेटीत मधी ठिवायची, कारण ही एकच सगळी शाबूत हाय. बाकीच्या फाटक्या, डागाच्या, त्या नकोत. कळलं. आन् खाली पाटी — सौभाग्यवती महादेवीबाई, उदगीर, यांच्या संग्रहातून. चांगली दिसेल. मंत्री येतील, बगतील. घेऊन जा. मी न्हाई म्हणत न्हाई. फक्त पाटी मी सांगते ती लिहा. काढा वही. लिहा — ही वर्दी शाबूत हाय कारण हिच्या मालकिणीनं ती कधी कामाला घातली न्हाई आन् कधी वापस केली न्हाई. लिहा — ही घालून तिनं सरजाबाई लिंबाजी कांबळे ह्या बाईची वर्दी भर रस्त्यात अंगावरून उतरवून घेतली, दुष्काळात, दीडशे माणसांम्होरं. आन् तिच्याशेजारी ती मिठाची ठिवा. नाव बरोबर लिहा. कांबळे.

लिहा की. हात कामून थांबला?

जिल्ह्याच्या वाढदिवसाला असलं बरं दिसत न्हाई. हं. वरचे लोक विचारतील. समाजात तेढ वाढेल. आपण फक्त ठेसनावरचा प्रसंग घेऊ, वर्दीत सगळ्या सारख्या, तो लई छान हाय — गुरुजी, तोच तर मी दहा वर्षं सांगून राहिले! तेवढाच सांगून राहिले! तुम्हाला बी तेवढाच पायजे?

ठिवा ती खाली. न्हाई, घडी करू नका, तुम्हाला जमणार न्हाई. ठिवा तशीच. वही बंद केलीत ना, बरं केलं. उठा आता, लातूरची गाडी हाय चारची, तिला जागा मिळती. आन् तिकडं कुणी विचारलं तर सांगा, महादेवीबाईकडं काही संग्रह-बिंग्रह न्हाई. लोकांच्या वर्द्या हायत, त्या लोकांना जाणार. तिची स्वतःची एक हाय, ती चोरीची हाय. जा. जा म्हणते ना, गुरुजी.